रशियन ध्वनी, रोमन वर्ण आणि मराठी लेखन

रशियन रूपवादाची चर्चा मराठी समीक्षेला आता नवी नाही. श्क्लोव्हस्की, याकोबसन, एइखेनबाउम, तिन्यानोव्ह, प्रोप ही नावे आणि त्यांच्या मागोमाग आलेले बाख्तीन व व्होलोशिनोव्ह पदव्युत्तर अभ्यासक्रमात, प्रबंधांत आणि चर्चासत्रांत वारंवार येतात. मात्र ही नावे मराठीत कोणत्या रूपांत अवतरतात ते पाहू गेल्यास मोठी अनवस्था दिसते. याकोबसन कोठे 'जेकबसन' असतो, कोठे 'जाकोबसन'. तिन्यानोव्हचा 'टायनियानोव्ह' होतो, तर कधी 'टिन्जानोव्ह'. सूचीत एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी पडतात आणि त्या दोन व्यक्तींच्या आहेत असा विद्यार्थ्यांचा समज होतो.

ह्या अनवस्थेचा दोष सामान्यतः लेखकाच्या हलगर्जीपणाला दिला जातो. वस्तुतः कारण अधिक खोल आहे. ही नावे रशियन लिपीतून मराठीत आलेली नाहीत. ती इंग्रजी ग्रंथांतून, म्हणजे रोमन लिपीच्या वाटेने आली आहेत. आणि ही वाट एक नाही. रशियन शब्द रोमन वर्णांत लिहिण्याच्या अनेक पद्धती गेल्या दीड-दोन शतकांत रूढ झाल्या. त्यांतील प्रत्येक पद्धती वेगळ्या वाचकासाठी आणि वेगळ्या प्रयोजनासाठी घडली. मराठी लेखक ज्या ग्रंथातून नाव घेतो त्या ग्रंथाची पद्धती त्याला ठाऊक नसते, आणि सर्व पद्धतींचे लेखन तो एकाच इंग्रजी उच्चाराने वाचतो. प्रस्तुत लेखात प्रथम रशियन ध्वनींच्या रोमन लेखनातील अडचणी व पद्धती ह्यांचा परामर्श घेतला असून त्यानंतर मराठी लेखनासाठी त्यांतून काय निष्पन्न होते ह्याचा विचार केला आहे. विवेचनाच्या सोयीसाठी रोमन वर्ण त्यांच्या इंग्रजी नावांनी व रशियन वर्ण त्यांच्या रशियन नावांनी निर्दिष्ट केले आहेत.

१. लिप्यंतर आणि उच्चारलेखन

एका लिपीतील शब्द दुसऱ्या लिपीत नेताना दोन भिन्न उद्दिष्टे असू शकतात. मूळ शब्दातील प्रत्येक वर्णासाठी दुसऱ्या लिपीतील ठरावीक वर्ण योजणे म्हणजे लिप्यंतर. मूळ भाषकाच्या तोंडून शब्द जसा ऐकू येतो तसा तो दुसऱ्या लिपीत टिपणे म्हणजे उच्चारलेखन. लिप्यंतराची कसोटी अशी, की त्यावरून मूळ वर्णरचना पुन्हा उभी करता आली पाहिजे. उच्चारलेखनाची कसोटी अशी, की ते वाचणाऱ्याचा उच्चार मूळ भाषकाला ओळखता आला पाहिजे. ही दोन उद्दिष्टे एकाच वेळी क्वचितच साधतात.

रशियन भाषेच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. 'आज' ह्या अर्थाचा रशियन शब्द वर्णशः 'सेगोद्न्या' असा लिहिला जातो, परंतु त्यातील 'गे' हा वर्ण 'व' असा उच्चारला जातो. ऐकू येते ते साधारणपणे 'सिव्होद्न्या'. आघात नसलेला 'ओ' प्रमाण रशियनमध्ये 'अ'कडे झुकतो. म्हणून टॉलस्टॉयचे नाव 'ताल्स्तोय' असे आणि मॉस्कोचे नाव 'मास्क्वा' असे ऐकू येते, जरी दोन्हींच्या लेखनात पहिल्या अक्षरी 'ओ' आहे. शब्दान्ती येणारा घोष व्यंजनवर्ण अघोष होतो. 'चेखोव्ह'चा अंत 'फ'सारखा ऐकू येतो. संगीतकार रखमानिनोव्ह आपल्या नावाच्या अखेरीस रोमन लिपीत दोन एफ लिहीत असे. हे उच्चारलेखन होय. त्याच ठिकाणी व्ही लिहिणे हे लिप्यंतर होय. उच्चारलेखन कानाला प्रामाणिक असले तरी त्याची किंमत मोजावी लागते. चेखोव्हच्या पत्नीचे उपनाम 'चेखोवा'; तेथे 'व' स्पष्ट ऐकू येतो. पुरुषाच्या नावाअखेरीस एफ आणि स्त्रीच्या नावात व्ही लिहिल्यास दोन्ही रूपे एकाच उपनामाची आहेत हे वाचकाला कळण्याचा मार्ग बंद होतो.

वर्णनिष्ठ लेखनाचे मोल श्क्लोव्हस्कीच्या सुप्रसिद्ध संज्ञेवरूनही कळते. 'अपरिचितीकरण' ह्या मराठी पर्यायाने ओळखली जाणारी ती संज्ञा मूळ रशियनमध्ये 'ओस्त्रानेनिये' अशी आहे. 'विचित्र, अनोळखी' ह्या अर्थाच्या ज्या विशेषणापासून ती साधली त्यात 'न' दोनदा येतो. श्क्लोव्हस्कीने मात्र एकच 'न' लिहिला, आणि ही आपली लेखनातील चूक होती असे त्याने उत्तरायुष्यात स्वतःच मान्य केले. चुकीचा शब्द तसाच रुळला. केवळ कानावर विसंबून केलेल्या लेखनात ही हकीकत हरवण्याचा संभव आहे. वर्णाला वर्ण देणाऱ्या लेखनात ती टिकते.

२. रोमन वर्णमालेपुढील अडचणी

आजच्या रशियन वर्णमालेत ३३ वर्ण आहेत : १० स्वरवर्ण, २१ व्यंजनवर्ण आणि स्वतःचा ध्वनी नसलेली दोन चिन्हे. इंग्रजीने वापरलेल्या रोमन वर्णमालेत २६ वर्ण आहेत. अडचण मात्र संख्येपुरती नाही. रशियनमधील बहुतेक व्यंजने जोडीने येतात, एक कठोर व एक मृदू. मृदू व्यंजन उच्चारताना जिभेचा मध्यभाग टाळूकडे उचलला जातो. हा भेद अर्थभेदक आहे. कठोर 'त'ने संपणारा 'ब्रात' म्हणजे भाऊ, संस्कृत 'भ्रातृ'चा सगोत्र. त्याच शब्दाच्या अखेरीस मृदू 'त' आला की अर्थ होतो 'घेणे'. 'उगोल' म्हणजे कोपरा. अखेरचा 'ल' मृदू केला की कोळसा. रशियन लेखनात हा मृदुपणा एका स्वतंत्र चिन्हाने दाखवतात. रोमनमध्ये त्यासाठी वर एक स्वल्प रेघ देण्याची प्रथा आहे, परंतु सामान्य मुद्रणात ती गाळली जाते आणि कोपरा व कोळसा एकरूप होतात. गोगोलच्या नावाअखेरीस असलेले मृदू चिन्ह इंग्रजी वाचकाच्या दृष्टीस सहसा पडतच नाही.

दुसरी अडचण संघर्षी व अर्धस्फोटक ध्वनींची. 'झे', 'खा', 'त्से', 'चे', 'शा', 'श्शा' ह्या रशियन वर्णांपैकी एकालाही इंग्रजी लेखनात सर्वमान्य असा एकेरी वर्ण नाही. ह्या सर्वांना जोडवर्ण द्यावे लागतात. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह ह्याचे नाव रशियनमध्ये सहा वर्णांचे आहे. इंग्रजीत ते दहा अक्षरांचे होते, फ्रेंच लेखनात बारा व जर्मन लेखनात तेरा अक्षरांचे. ह्या वाढीला मुख्यतः 'श्शा' हा एक वर्ण कारणीभूत आहे. इंग्रजीत त्यासाठी चार अक्षरे लागतात, जर्मनमध्ये सात. शिवाय इंग्रजीतील चार अक्षरे 'श' आणि 'च' असा जोड सुचवतात. असा उच्चार पूर्वी पीटर्सबर्गकडे होता. आजच्या प्रमाण उच्चारात तेथे लांब, मृदू 'श्श' ऐकू येतो.

ह्याच नावात तिसरी अडचणही दडलेली आहे. 'यो' हा वर्ण 'ये' ह्या वर्णावर दोन ठिपके देऊन लिहितात. १७८३ मध्ये रशियन अकादमीच्या बैठकीत राजकन्या दाश्कोवा हिने त्याचा पुरस्कार केला असे मानले जाते. परंतु नित्याच्या मुद्रणात हे ठिपके बहुधा दिले जात नाहीत. १९१७च्या लेखनसुधारणेनेही ते इष्ट म्हटले, आवश्यक म्हटले नाहीत. रशियन वाचक ठिपक्यांवाचूनही योग्य उच्चार करतो, कारण शब्द त्याच्या परिचयाचा असतो. परभाषक लिप्यंतरकार मात्र कागदावर दिसेल तेवढेच नेतो. त्यामुळे ज्याचा उच्चार 'ख्रुश्शोफ' असा आहे तो जगभर 'ख्रुश्चेव्ह' झाला. गोर्बाचोव्हचीही तीच गत होती. मराठीत 'गोर्बाचेव्ह' आणि 'गोर्बाचोव्ह' अशी दोन्ही रूपे वावरली. पहिले डोळ्याने घेतलेले, दुसरे कानाने.

३. रोमन लेखनाच्या पद्धती

रशियन नावे युरोपीय भाषांत प्रथम गेली ती प्रत्येक भाषेच्या स्वतःच्या लेखननियमांनुसार. फ्रेंचमध्ये सी-एच ह्या जोडवर्णाचा उच्चार 'श' असल्यामुळे 'च' दाखवण्यासाठी त्यापूर्वी टी लिहावा लागतो. संगीतकार चायकोव्हस्कीच्या नावापूर्वीचा इंग्रजीत आजही टिकून राहिलेला टी हा ह्या फ्रेंच वळणाचा अवशेष आहे. इंग्रजी वाचकाला त्याची गरज नाही. कॉन्स्टन्स गार्नेट ह्यांनी १९१६ ते १९२२ ह्या काळात चेखोव्हच्या कथांचे तेरा खंड इंग्रजीत आणले, त्यांच्या मुखपृष्ठावर चेखोव्हचे नावही टी-सी-एचनेच आरंभ होते. ज्याला ह्या इतिहासाची कल्पना नाही तो ग्रंथालयाच्या सूचीत सी ह्या अक्षराखाली शोध घेईल आणि रित्या हाताने परतेल.

विसाव्या शतकात ह्या गोंधळावर उपाय म्हणून नियमबद्ध पद्धती पुढे आल्या. त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग सामान्य इंग्रजी वाचकासाठी आहे. अमेरिकन व ब्रिटिश भूनाममंडळांची १९४०च्या दशकातील पद्धती ह्याच वर्गातील होय. तिच्यात 'य', 'या', 'यु' ह्यांसाठी वाय योजतात. वृत्तपत्रांनी व कथा-कादंबऱ्यांच्या अनुवादकांनी तिचीच सुलभ रूपे स्वीकारली. दुसरा वर्ग ग्रंथालयांचा. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीत 'या'साठी आय-ए, 'यु'साठी आय-यू असे जोड येतात. मूळ नियमानुसार ह्या जोडांवर बांधणीची रेघ असते, पण सर्वसाधारण छपाईत ती गळते. तिसरा वर्ग भाषाशास्त्रज्ञांचा. त्यांनी चेक भाषेच्या धर्तीवर सी, एस, झेड ह्या वर्णांच्या माथ्यावर खूण देऊन 'च', 'श', 'झे' हे ध्वनी दाखवले. खूण नसलेल्या सीला 'त्स'चे मूल्य दिले, 'खा'साठी एक्स किंवा सी-एच घेतला, आणि 'य'साठी जे योजला. आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेच्या १९९५च्या नवव्या प्रमाणात हे तत्त्व टोकाला नेऊन प्रत्येक रशियन वर्णाला एकच रोमन वर्ण दिला आहे. त्यावरून मूळ लेखन निःसंदिग्धपणे परत मिळते, पण त्या खुणांचे मोल ज्याला ठाऊक नाही त्याला उच्चार कळत नाही.

एकच पद्धती सर्व कामांना पुरत नाही, हे अमेरिकन रशियनतज्ज्ञ जे. टॉमस शॉ ह्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या मार्गदर्शिकेत स्पष्टपणे स्वीकारले. सामान्य वाचकासाठी एक, संदर्भसूचीसाठी दुसरी, भाषाविषयक विवेचनासाठी तिसरी अशी प्रयोजनानुसार निवड त्यांनी सुचवली. म्हणून एकाच इंग्रजी ग्रंथाच्या संहितेत एक रूप व त्याच ग्रंथाच्या सूचीत दुसरे रूप आढळल्यास ती चूक समजण्याचे कारण नाही. खुद्द रशियन नागरिकांच्या पारपत्रांतही हे स्थित्यंतर घडले आहे. सोव्हिएत काळात त्यांवर फ्रेंच वळणाचे रोमन लेखन असे, १९९७ नंतर इंग्रजी वळणाचे आले, आणि २०१०च्या दशकात आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांशी जुळणारे लेखन स्वीकारले गेले. एकाच माणसाचे नाव एका आयुष्यात तीन प्रकारे लिहिले जाणे त्यामुळे शक्य झाले.

४. एक नाव, तीन वाचने

ह्या तिन्ही वर्गांतील फरक तिन्यानोव्हच्या नावावरून उत्तम रीतीने समजतो. रोमनमध्ये हे नाव आठ अक्षरांचे आहे. तिन्ही पद्धतींत त्यातील सात अक्षरे एकच आहेत. बदलते ते केवळ चौथे. सामान्य इंग्रजी लेखनात ते वाय असते, ग्रंथालयीन लेखनात आय, भाषाशास्त्रीय लेखनात जे. तिन्हींचा अभिप्रेत उच्चार एकच, 'न्या'. परंतु मराठी वाचक पहिल्यावरून 'न्या', दुसऱ्यावरून 'निआ' आणि तिसऱ्यावरून 'न्जा' असा उच्चार करतो. भरीस भर म्हणजे पहिल्या लेखनात वाय दोनदा येतो आणि दोन्ही ठिकाणी त्याचे मूल्य भिन्न आहे. दुसऱ्या स्थानावरील वाय हा जिभेचा मागचा भाग उचलून, ओठ न वळवता केलेला असा एक खास रशियन स्वर आहे, तर चौथ्या स्थानावरील वाय हा मृदुत्वाची खूण आहे. इंग्रजी संस्काराने पहिल्या वायचा 'आय' असा उच्चार केला की 'टायन्यानोव्ह' हे कोणत्याच रशियन माणसाला न ओळखता येणारे रूप तयार होते.

कथनमीमांसेतील 'फाबुला' आणि 'स्युझेत' ह्या जोडसंज्ञांपैकी दुसरीची गतीही अशीच आहे. तिच्या दुसऱ्या अक्षरी वाय, आय आणि जे ही तिन्ही लेखने इंग्रजी समीक्षाग्रंथांत सापडतात. ती तीन वेगवेगळ्या संज्ञांची नसून एकाच संज्ञेची आहेत हे ओळखण्यासाठी पद्धतींचे ज्ञान आवश्यक ठरते.

रोमान याकोबसनचा जे हा नियमापेक्षा चरित्राचा भाग आहे. १८९६ मध्ये मॉस्कोत जन्मलेला हा भाषावैज्ञानिक १९२० मध्ये प्रागला गेला. चेक आणि जर्मन ह्या दोन्ही भाषांत जेचा उच्चार 'य' होतो. तेथे रूढ झालेले लेखन त्याने पुढे अमेरिकेतही कायम ठेवले. त्याच्या रशियन नावाचा आरंभ 'या' ह्या वर्णाने होतो. तेव्हा मराठीत 'याकोबसन' हेच रूप मूळ नावाला धरून आहे आणि 'जेकबसन' हे इंग्रजी वाचनाचे फलित आहे. व्होलोशिनोव्हचा भाषातत्त्वज्ञानावरील ग्रंथ १९७३ मध्ये इंग्रजीत आला तेव्हा मुखपृष्ठावरील त्याच्या नावात 'श'साठी माथ्यावर खूण असलेला एकच एस होता. खूण दुर्लक्षिली की 'व्होलोसिनोव्ह' असे वाचले जाते, आणि तसे वाचणारा वाचक नंतरच्या ग्रंथांतील एस-एचयुक्त 'व्होलोशिनोव्ह' हा दुसराच कोणी समजतो.

एइखेनबाउमचे उदाहरण आणखी वेगळ्या प्रकारचे आहे. हे उपनाम मुळात जर्मन असून रशियन लिपीत ते रशियन रीतीने लिहिले जाते. रोमनमध्ये परत आणताना काहींनी जर्मन मूळ रूप पुनःस्थापित केले, काहींनी रशियन वर्णांना ग्रंथालयीन पर्याय दिले, तर काहींनी भाषाशास्त्रीय जे आणि एक्स वापरले. तिन्ही निर्णय आपापल्या जागी समर्थनीय आहेत. बाख्तीनबाबत भाषाभेदाची भर पडते : इंग्रजीत त्याच्या नावात के-एच असतो, जर्मनमध्ये केवळ सी-एच, फ्रेंचमध्ये अखेरीस एक ई जोडलेला असतो, तो अन्त्य 'न' अनुनासिक स्वरात विरघळू नये म्हणून. त्या ईवरून 'बाख्तिने' असे मराठी रूप करणे सर्वथा चुकीचे होईल.

५. परतीचा प्रवास

भारतीय शब्द रशियनमध्ये जाऊन रोमनवाटे परततात तेव्हा लिप्यंतराच्या यांत्रिकपणाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. रशियनमध्ये महाप्राण व्यंजने नाहीत. ती दाखवण्यासाठी अल्पप्राण वर्णापुढे 'खा' हा वर्ण लिहितात. त्यामुळे 'मराठी' हे भाषानाम रशियन लेखनात 'त' व 'खा' ह्या दोन वर्णांनी साधले जाते. ग्रंथालयीन नियमानुसार 'खा'ला के-एच हा पर्याय ठरलेला आहे. परिणामी मराठी भाषेविषयीच्या रशियन ग्रंथांच्या शीर्षकांत, रोमन सूचीमध्ये, आपल्या भाषेचे नाव टी-के-एच अशा जोडासह येते आणि मराठी वाचकाला ते 'मरात्खी' असे दिसते. महाराष्ट्राचा त्याच न्यायाने 'मखराष्ट्र' होतो आणि महाभारताचा 'मखाब्खारता'. रशियनमध्ये 'ज'साठी 'दे' व 'झे' हे दोन वर्ण लागतात. म्हणून जवाहरलाल हे नाव रोमनमध्ये परतताना डी-झेड-एचने आरंभ होते. सूचीकाराने येथे कोणतीही चूक केलेली नाही. त्याने नियम पाळला आहे. शोध घेणाऱ्या अभ्यासकाला नियम ठाऊक नसेल तर मात्र आपल्याच भाषेवरचा ग्रंथ त्याच्या हाती लागत नाही.

इंग्रजी किंवा भारतीय 'ह'साठी रशियनमध्ये नेमका वर्ण नाही. जुन्या प्रथेनुसार तेथे 'गे' येतो, म्हणून हॅम्लेटचा 'गाम्लेत' आणि हिमालयाचा 'गिमालाइ'. दुसऱ्या प्रथेनुसार 'खा' येतो, जसे 'महात्मा' ह्या शब्दात. कधी 'ह' लोपतो. नेहरूंचे नाव रशियनमध्ये 'नेरू' असे आहे. पंधराव्या शतकात, १४७०च्या सुमारास, रशियन व्यापारी अफानासी निकितिन चौल बंदरात उतरून जुन्नरमार्गे बिदरला गेला. त्याच्या प्रवासवृत्तात जुन्नरचे नाव 'च'कारारंभी आहे. कानाने ऐकलेला परका ध्वनी आपल्या वर्णमालेच्या चौकटीत बसवताना काय घडते ह्याचा हा महाराष्ट्राच्या भूमीवरील एक जुना पुरावा म्हणता येईल.

६. देवनागरीची शक्ती आणि मर्यादा

आता मराठी लेखनाकडे वळता येईल. येथे एक विलक्षण विसंगती आढळते. जे भेद रोमन लिपीत दाखवता येत नाहीत त्यांतील काही देवनागरीत सहज दाखवता येतात. तरीही रोमनमधून नाव घेतल्यामुळे मराठीने ते गमावले आहेत.

दन्त्य आणि मूर्धन्य ह्यांतील भेद हे त्याचे ठळक उदाहरण. रशियन 'त' व 'द' दन्त्य आहेत, म्हणजे मराठी 'त' व 'द' ह्यांना अगदी जवळचे. रोमनमध्ये टी व डी हे एकेकच वर्ण आहेत. इंग्रजी टी हा मराठी कानाला 'ट' वाटतो, म्हणून इंग्रजी शब्दांतील टीला 'ट' देण्याची प्रथा पडली आणि ती रशियन नावांनाही लागू झाली. 'टॉलस्टॉय' ह्या रूपातील दोन्ही 'ट' आणि दोन्ही 'ऑ' रशियन नसून इंग्रजी कानाचे आहेत. 'डोस्टोव्हस्की', 'ट्रॉट्स्की', 'स्टॅलिन' ही रूपेही तशीच. रशियन जाणणाऱ्या अनुवादकांच्या लेखनात 'तोलस्तोय', 'दोस्तोयेव्हस्की' अशी रूपे दिसतात ती ह्याच कारणाने. 'सोव्हिएत' ह्या शब्दात मराठीने 'त' स्वीकारला आणि १९८०च्या दशकात आलेले 'ग्लासनोस्त' व 'पेरेस्त्रोइका' हे शब्दही बहुधा 'त'नेच लिहिले गेले. म्हणजे मराठीला हे अवघड नाही. केवळ जुनी नावे जुन्या वाटेने आली आहेत.

'खा' ह्या वर्णाचा विचार अधिक उद्बोधक आहे. हा कंठस्थानाजवळून घर्षणाने निघणारा अघोष ध्वनी आहे. इंग्रजी वाचक के-एचचा उच्चार 'क' असा करतो आणि त्यावरून मराठीत 'चेकॉव्ह' आला. दुसरीकडे, भारतीय नावांच्या रोमन लेखनात के-एच म्हणजे 'ख' : खरे, खांडेकर. म्हणून काही मराठी लेखकांनी स्वाभाविकपणे 'चेखॉव्ह' लिहिले. रशियन ध्वनी मराठी 'ख'सारखा महाप्राण स्फोटक नाही हे खरे. परंतु फारसीतील असाच घर्षक ध्वनी मराठीने कित्येक शतके 'ख'नेच लिहिला आहे : खबर, खर्च, तारीख. तेव्हा 'चेखोव्ह' आणि 'बाख्तीन' ह्यांमागे मराठीची स्वतःची जुनी परंपरा उभी आहे.

'त्से' ह्या वर्णाबाबत चित्र उलट आहे. 'चांगला', 'चोर' ह्या शब्दांतील दन्ततालव्य 'च' म्हणजेच जवळजवळ हा रशियन ध्वनी. 'चंद्र', 'चिमणी' ह्यांतील तालव्य 'च' म्हणजे जवळजवळ रशियन 'चे'. इंग्रजीत सहज न सापडणारी ही जोडी मराठी तोंडात रोजची आहे. पण देवनागरीत दोन्हींना एकच चिन्ह असल्यामुळे लेखनात तिचा उपयोग होत नाही. 'त्स' लिहिणेच निःसंदिग्ध ठरते. रशियन सम्राटाच्या पदवीचा आरंभ ह्याच ध्वनीने होतो. हेर्बेरश्टाइनच्या १५४९च्या लॅटिन ग्रंथात ती सी-झेड अशा आरंभाने लिहिली गेली, इंग्रजीने ते लेखन घेऊन उच्चारात सी सोडून दिला, आणि मराठीत 'झार' व 'झारशाही' हे शब्द रुळले. मूळ ध्वनी मराठीत असूनही मराठीने इंग्रजांचा उच्चार घेतला, ही ह्या शब्दाची गंमत आहे.

'झ'वर मात्र मराठीत अतिरिक्त भार पडतो. रोमनमधील झेड आणि झेड-एच ह्या दोन्हींना मराठी लेखक 'झ' देतो. 'झिवागो', 'ब्रेझनेव्ह' ह्यांत मूळ वर्ण 'झे' आहे, तर 'बाझारोव्ह' ह्या पात्रनामात 'झे'हून भिन्न असा 'झे'चा साधा सोबती. देवनागरीत हा भेद बुजतो आणि मराठी लेखनावरून मूळ रशियन वर्ण निश्चित करता येत नाही. मृदू चिन्हाबाबतही देवनागरी रोमनइतकीच असमर्थ आहे. 'त्य' लिहावे तर पुढे स्वर आहे असे वाटते.

ह्याच्या उलट आघाताच्या बाबतीत मराठीजवळ एक न वापरलेले साधन आहे. रशियनमध्ये स्वरांचे ह्रस्व-दीर्घत्व अर्थभेदक नाही, पण आघातयुक्त स्वर लांब होतो. आणि आघात नेहमीच्या छपाईत दाखवला जात नाही. रोमन लेखनही तो दाखवत नाही. देवनागरीत 'इ' व 'उ' लिहिताना ह्रस्व किंवा दीर्घ असा निर्णय करावाच लागतो. तो निर्णय यदृच्छेने करण्याऐवजी आघातानुसार केला तर 'बाख्तीन' दीर्घ राहील, कारण आघात अखेरीस आहे, आणि 'लेनिन' ह्रस्व राहील, कारण आघात आरंभी आहे. 'पूश्किन' हे रूपही ह्याच न्यायाने सिद्ध होते. मराठी लेखननियमानुसार अन्त्य इकार दीर्घच असल्याने 'गोर्की'सारख्या नावांना हा उपाय लागू पडत नाही, हे नमूद केले पाहिजे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून मराठी अभ्यासकासाठी पुढील गोष्टी सुचवता येतात.

एक, रशियन नाव मराठीत लिहिण्यापूर्वी समोरचे रोमन लेखन कोणत्या पद्धतीचे आहे हे ओळखावे. वाय दिसल्यास सामान्य इंग्रजी पद्धती, आय-ए व आय-यू दिसल्यास ग्रंथालयीन, जे आणि माथ्यावरील खुणा दिसल्यास भाषाशास्त्रीय, आरंभी टी-सी-एच वा अखेरीस दोन एफ दिसल्यास जुने फ्रेंच वळण. पद्धती ओळखली की मूळ वर्ण बहुधा निश्चित करता येतो.

दोन, मराठी रूप मूळ रशियन वर्णावरून ठरवावे. 'त', 'द', 'ख', 'त्स' ह्यांचा अवलंब करावा. जेला 'य' द्यावा. आघातहीन 'ओ'चा 'आ' किंवा अन्त्य 'व'चा 'फ' करण्याच्या मोहात पडू नये. त्यामुळे नाव अधिक रशियन ऐकू येईल, पण त्याचा मूळ लेखनाशी असलेला धागा तुटेल. ठिपके गळालेला 'यो' मात्र पुनःस्थापित करावा, कारण तेथे रोमन लेखनाने मूळ वर्णच बदललेला असतो.

तीन, रूढ रूपांशी भांडण मांडू नये. 'मॉस्को', 'झार', 'टॉलस्टॉय' ही रूपे मराठीच्या अंगवळणी पडली आहेत आणि ललित लेखनात ती तशीच राहण्यास हरकत नाही. प्रबंध, कोश आणि सूची ह्यांत मात्र प्रत्येक व्यक्तीचे एकच मुख्य रूप निश्चित करून इतर रूपांखाली 'पाहा' अशी नोंद द्यावी, आणि मूळ रशियन लेखन निदान एकदा तरी नोंदवावे. पु. ल. देशपांडे ह्यांनी गोगोलच्या नाटकावरून 'अंमलदार' रचले तेव्हा हा प्रश्न उद्भवलाच नाही, कारण रूपांतरात माणसे मराठी झाली. अनुवाद आणि समीक्षा ह्यांना ती मुभा नाही. तेथे माणूस परका राहतो आणि त्याचे नाव हीच त्याची ओळख असते.

रोमन लेखन ही रशियन शब्दाची छायाप्रत नसून दुसऱ्या कोणा वाचकासाठी केलेली एक तडजोड आहे, एवढे भान ठेवले तरी बराचसा गोंधळ टळेल. मराठीला ती तडजोड जशीच्या तशी स्वीकारण्याचे कारण नाही. रशियन वर्णमालेतील ३३ वर्ण शिकण्यास एका आठवड्याहून अधिक काळ लागत नाही. बाख्तीनवर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने तेवढा वेळ काढला, तर ज्याच्या विचारांवर तो चार वर्षे घालवणार आहे त्याचे नाव तरी त्याला मूळ लेखनात वाचता येईल.